अक्षहृदय आणि शंभर डॉलर

महाभारतातील नलोपाख्यानात नल द्यूतात राज्य गमावतो, हे सर्वांच्या लक्षात राहते. ते तो परत कसे मिळवतो, हे तितके राहत नाही. झाडावरील पानाफळांची संख्या केवळ पाहून सांगणारा राजा ऋतुपर्ण त्याला ‘अक्षहृदय’ ही विद्या देतो आणि तिच्या मोबदल्यात नलाची ‘अश्वहृदय’ ही विद्या घेतो. जुगाराचे मर्म गुप्त असते आणि ते विद्येच्याच मोलाने मिळते, असा या कथेतला दंडक आहे. विसाव्या शतकात डॉयल ब्रन्सन या अमेरिकन पोकरपटूने तो मोडला. त्याने जिंकलेल्या रकमांपेक्षा मला ही घटना अधिक महत्त्वाची वाटते.

ब्रन्सनचा जन्म १९३३ सालचा, टेक्ससमधल्या लाँगवर्थ या खेड्यातला. महाविद्यालयात तो बास्केटबॉलचा उत्तम खेळाडू होता. जिप्समच्या कारखान्यात काम करताना पाय मोडला आणि ती वाट बंद झाली. शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेऊन त्याने कार्यालयीन यंत्रे विकण्याची नोकरी धरली, आणि लवकरच सोडली. पत्त्यांवर पगाराहून अधिक मिळत होते. पुढची कित्येक वर्षे ‘अमॅरिलो स्लिम’ आणि ‘सेलर’ रॉबर्ट्स या सोबत्यांबरोबर, एकाच सामाईक थैलीवर, तो गावोगाव खेळत हिंडला. टेक्ससमध्ये जुगार बेकायदा होता. डाव जिंकणे हा निम्माच पराक्रम. लुटारू, पोलीस आणि लबाड खेळाडू यांच्यातून पैसे घेऊन बाहेर पडणे हा उरलेला. संगणक नव्हते, तेव्हा कोणत्या पत्त्यांपुढे कोणते पत्ते किती वेळा टिकतात, हे ही माणसे पुन्हा पुन्हा पत्ते वाटून ठरवत. हे सारे ज्ञान मौखिक होते आणि तेच त्यांचे भांडवल होते.

१९७० साली लास व्हेगासमधल्या बेनी बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू झाली. तिची मुख्य स्पर्धा ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ जिंकली. बक्षिसे अनुक्रमे २,२०,००० आणि ३,४०,००० डॉलर. दोन्ही वर्षी अखेरच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री होती. हिशेबाने हे पत्ते दुबळेच. कौशल्य आणि दैव यांची वाटणी या खेळात किती अवघड आहे, याचा याहून बोलका दाखला नसेल.

त्यानंतर, त्या दशकाच्या अखेरीस, त्याने ‘सुपर/सिस्टम’ हा ग्रंथ स्वतःच छापला. किंमत शंभर डॉलर. पोकरच्या एकेका प्रकारावर चिप रीस, डेव्हिड स्क्लान्स्की, माइक कॅरो अशा जाणकारांनी लिहिले. पैजेला मर्यादा नसलेल्या ‘होल्डेम’वर स्वतः ब्रन्सनने. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसू नये, सतत चढती पैज लावून प्रतिस्पर्ध्यालाच निर्णयाच्या संकटात टाकावे. ही त्याची स्वतःचीच रीत होती. छापली गेल्यावर ती त्याच्या विरोधकांचीही झाली. या पुस्तकाने मिळवून दिले त्याहून अधिक गमावायला लावले, असे तो पुढे म्हणत असे.

१९८० च्या अंतिम लढतीत सव्वीस वर्षांच्या स्टू उंगरने त्याला हरवले. पुढच्या वर्षी ही स्पर्धा पाहायला इंग्रजी कवी-समीक्षक अल अल्वारेझ लास व्हेगासला आला. ‘द सॅव्हेज गॉड’मध्ये सिल्व्हिया प्लाथच्या आत्महत्येविषयी लिहिणारा हाच अल्वारेझ. त्याचे ‘द बिगेस्ट गेम इन टाऊन’ १९८३ साली प्रसिद्ध झाले. पोकर आता साहित्याचाही विषय झाला होता. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरील पात्रताफेरीतून येऊन विश्वविजेता ठरला. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणकप्रणालीने चार व्यावसायिकांना हरवले. मर्म आता माणसाकडेही उरले नव्हते.

ब्रन्सन २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. शेवटच्या वर्षांपर्यंत तो मोठ्या पैजांच्या खेळात, बहुधा त्याचेच पुस्तक वाचून शिकलेल्या माणसांसमोर, बसत होता. ऋतुपर्णाला निदान घोड्यांची विद्या मिळाली. ब्रन्सनला तोलाचे प्रतिस्पर्धी मिळाले. आणि तरीही तो खेळायचा थांबला नाही. ज्याने आपली विद्या लिहून ठेवली, त्याला तिच्या वाचकांशी झुंजावे लागते, हे शिकवणाऱ्या आणि लिहिणाऱ्या कोणालाही अपरिचित नसावे.