पास आउट

पास आउट : इंग्रजीतील एक रूढ फ्रेजल व्हर्ब. ‘पास’ (जाणे, ओलांडणे) हे क्रियापद आणि ‘आउट’ (बाहेर) हे अव्यय मिळून झालेले. ‘पास’चे मूळ ‘पाऊल’ या अर्थाच्या लॅटिन ‘पासुस’ शब्दात असून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. भूतकाळी रूप ‘पास्ड आउट’.

शुद्ध हरपणे : ब्रिटन-अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित अर्थ. उन्हाने भोवळ येऊन कोसळलेला आणि दारू पिऊन आडवा झालेला, दोघांनाही तो लागू पडतो. या अर्थी कर्म येत नाही. ‘ब्लॅक आउट’ हा जवळचा प्रयोग. मात्र मद्यपानाच्या संदर्भात डॉक्टर दोन्हींत फरक करतात. ‘ब्लॅक आउट’मध्ये माणूस चालत-बोलत असतो, पण नंतर त्याला त्यातले काही आठवत नाही. ‘पास अवे’ म्हणजे निधन पावणे. त्याच्याशी गल्लत करू नये.

वाटप करणे : मुख्यतः अमेरिकी. ‘पास आउट द पेपर्स’. सर्वनाम असल्यास ‘पास देम आउट’.

लष्करी प्रशिक्षण पुरे करणे : हा ब्रिटिश प्रयोग. ‘पासिंग आउट परेड’ म्हणजे दीक्षान्त संचलन. पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) ते खेत्रपाल परेड मैदानावर वर्षातून दोनदा होते. तीन वर्षांचे प्रशिक्षण संपवणारे छात्र संथ संचलन करीत ‘अंतिम पग’ ओलांडतात. मात्र ‘पास आउट’ झाल्याबरोबर ते अधिकारी होत नाहीत. भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे एळिमलाला आणि हवाई दलाचे दुंडिगलला पुढील प्रशिक्षणासाठी जातात. कमिशन त्यानंतर मिळते. ३० मे २०२५ रोजी १४८व्या तुकडीबरोबर १७ मुली येथून ‘पास आउट’ झाल्या. एनडीएच्या इतिहासातील ही महिला छात्रांची पहिली तुकडी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशामुळे त्यांना प्रवेशाची वाट खुली झाली होती.

भारतीय प्रयोग : शाळा-कॉलेजचे शिक्षण पुरे करणे. हा अर्थ लष्करी प्रयोगातून आला असावा. मराठीत ‘ती २०१८ला पासआउट झाली’, ‘२०२४ पासआउट उमेदवारांना प्राधान्य’ असे सर्रास बोलले-लिहिले जाते. इथे ‘पासआउट’ नाम आणि विशेषण म्हणूनही वावरतो आणि शेजारी वर्ष आले की नोकरीच्या जाहिरातीत तेवढ्यावर भागते. परीक्षेत ‘पास होणे’ आणि संस्थेतून ‘पासआउट होणे’ यांतला भेदही मराठी भाषक नेमका पाळतात. त्यामुळे या प्रयोगाला चुकीचे इंग्रजी म्हणून हिणवणे योग्य नाही; तो भारतीय इंग्रजीचा स्वतःचा, अर्थपूर्ण प्रयोग आहे.

परदेशी वाचकाला मात्र ‘आय पास्ड आउट इन २०१८’ या वाक्यातून २०१८ साली बेशुद्ध पडलेला माणूस दिसतो. परदेशी विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या अर्जात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावे.