प्रार्थनागीत आणि विद्यार्थ्याची वाणी

पैठण रस्त्यावरील बिडकीनसारख्या गावातून महाविद्यालयीन शिक्षणासाठी निघणाऱ्या मुलाला निजामी राजवटीत जवळची वाट होती ती औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. घरी मराठी बोलणाऱ्या या मुलाला वर्गात मात्र उर्दूतून शिकावे लागे. कारण १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापन-माध्यम उर्दू होते. ही पार्श्वभूमी ध्यानी घेतल्यावाचून १९३८ च्या 'वंदे मातरम्' चळवळीचा उलगडा होणे कठीण.

त्या वर्षी संस्थानात स्टेट काँग्रेसवर बंदी आली व सत्याग्रहास प्रारंभ झाला. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील व हैदराबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी हे गीत म्हणू लागले. ते वादग्रस्त व राजकीय आहे, असे म्हणून अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी संप पुकारला; शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना कुलगुरू केदार यांच्या काळात नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे १९९१ साली पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतीलच एक.

गीताविषयी मुस्लिम समाजात आक्षेप होते, हे नाकारता येत नाही. काँग्रेसनेही १९३७ साली त्याची पहिली दोनच कडवी सभांसाठी स्वीकारली होती. परंतु विद्यार्थ्यांची मागणी आपल्या प्रार्थनेपुरती होती. शिवाय संस्कृतप्रचुर बंगाली वळणाचे हे गीत त्यांच्या मातृभाषेतले नव्हते. तेव्हा हा केवळ मराठीचा आग्रह नव्हे. आपण काय उच्चारावे हे आपण ठरवावे, असा तो आग्रह होता, असे म्हणावयास हरकत नाही.

याची दुसरी बाजू केरळात दिसून आली. तेथे धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत न म्हणता आदराने उभ्या राहणाऱ्या तीन मुलांना १९८५ साली शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली घटनेच्या १९ व २५ या अनुच्छेदांच्या आधारे त्यांना पुन्हा प्रवेश देवविला. १९३८ साली गाण्याबद्दल शिक्षा झाली, १९८५ साली न गाण्याबद्दल. पहिल्या घटनेचा अभिमान बाळगणाऱ्या मराठवाड्यातील शाळांनी दुसरीतील निर्णयही तितक्याच आस्थेने शिकवावा. अन्यथा त्या अभिमानास अर्थ राहणार नाही.