थिजलेलं तेल

२४ मार्च १९८९, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ‘एक्सॉन वाल्डीज’ हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफवर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. यावर बोलताना लोक कॅप्टनच्या दारूच्या वादात अडकतात. मला खरं पात्र वाटतं ते तिथलं गार पाणी.

तापमान ५ अंशांच्या आसपास. आपलं खोबरेल डिसेंबरात थिजतं, त्यातलाच हा प्रकार. थंडीत तेल दाटतं. त्यात वादळाने पाणी घुसळलं आणि तेलाचा चॉकलेटी लगदा झाला. तो उपसणारी यंत्रं तुंबली. तेल टिपणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या चादरी असोत की साधा पेंढा, त्यांचं काम तंतूंमधल्या बारीक पोकळ्यांवर चालतं. पातळ तेल झटकन आत शिरतं (चादर उचलली की तितक्याच झटकन ठिबकतंही, ही उष्ण समुद्रातली डोकेदुखी). दाट तेल आत न शिरता वरच चिकटून बसतं.

पाणमांजरांचं याच्या उलट झालं. त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो, दाट केसांत अडकलेली हवाच त्यांना ऊब देते. केस तेलाने चिकटले आणि ती गारठून मेली. टीव्हीवर ते पाहून अलाबामातल्या फिल मॅक्रॉरी नावाच्या न्हाव्याला सुचलं, की केस तेल एवढं धरत असतील तर दुकानातले कापलेले केस का नाही वापरायचे? त्याने ते बायकोच्या नायलॉनच्या मोज्यांत भरून घरीच प्रयोग केला, आणि जमलं की!

किनाऱ्यावर मात्र पाणीच तापवायचं ठरलं. सुमारे ६० अंशांचे जोरदार फवारे खडकांवर मारले. तेल सुटलं, वाहिलं, गोळा करता आलं. कॅमेऱ्यात हे छान दिसतं. पण तेलातून वाचलेले शिंपले, शेवाळ, खडकाला धरून राहणारे जीव त्या पाण्यात उकडून निघाले. तुलनेसाठी काही किनारे मुद्दाम न धुता ठेवले होते. सुरुवातीच्या काळात तिथलीच जीवसृष्टी आधी सावरली.

तेल खाणाऱ्या जिवाणूंसाठी खतही फवारलं. त्याने काही ठिकाणी फरक पडला. पण वाळू-गोट्यांखाली, जिथे थंडी आहे आणि प्राणवायू तुटपुंजा, तिथे जिवाणू मंदावतात. अपघाताला २५ वर्षं झाल्यावरही काही किनाऱ्यांवर हातभर उकरलं की तेल लागत होतं.