वाचनालय आणि वाचक : नगरच्या निमित्ताने

अहमदनगर जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती आणि बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघून सहा. रत्नागिरीचे वाचनालय (१८२८) याहून जुने. नाशिकचे (१८४०) आणि पुण्याचे (१८४८) यानंतरचे. ज्या काळात छापील मराठी पुस्तकेच मोजकी होती, त्या काळात नगरसारख्या गावी वाचनालय उभे राहावे ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु अभिमान बाजूला ठेवून एक प्रश्न विचारायला हवा : हे वाचनालय कोणासाठी होते?

एकोणिसाव्या शतकातील आपली बहुतेक वाचनालये अधिकारी, वकील, शिक्षक आणि नवशिक्षित कारकून यांच्या आधारावर चालली. वर्गणी भरू शकणारा प्रौढ पुरुष हा त्यांचा गृहीत वाचक. मुले, स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र या गृहीतकात बसत नव्हते. गंमत अशी की, त्याच नगरात अक्षरज्ञानाचा दुसरा प्रवाहही वाहत होता. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये येथूनच सुरू झाले. मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा येथे चालत. त्या पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांना वाचनालयाच्या पायरीशी कोणी बोलावले नव्हते, त्यांच्या हाती पाटी-पुस्तक प्रथम या मार्गाने आले, हेही नाकारता येत नाही. एका गावात ग्रंथ होते आणि नवे वाचकही घडत होते. दोहोंची गाठ मात्र पडली नाही.

ही गाठ जाणीवपूर्वक घातली ती सयाजीराव गायकवाडांनी. बडोदे संस्थानात १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले आणि १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांची योजना आखण्यात आली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. शाळेत मिळवलेले अक्षर पुढे वाचायला काही न मिळाल्यास पुसले जाते, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून गावोगावी वाचनालये निघाली, फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पोहोचू लागली.

स्वतंत्र महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी झाली, अनुदान मिळू लागले, खेड्यांतही वाचनालयांच्या पाट्या लागल्या. मात्र ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर या कायद्याने बसवला नाही. त्यामुळे वाचनालये शासनाच्या अनुदानावर आणि स्थानिक संस्थांच्या हौसेवर तगून राहिली. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयातील ग्रंथपालाच्या तुटपुंज्या मानधनात मुलांना पुस्तकाची गोडी लावणारा माणूस कुठवर टिकणार? शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे बंधनकारक केले. तरीही पाचवीतील कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे 'असर'ची सर्वेक्षणे वारंवार दाखवतात. कपाट असणे आणि कपाट उघडे असणे यांत अंतर आहे.

आज तालुक्याच्या गावी वाचनालयात गेलो की तरुणांची गर्दी दिसते. ती अभ्यासिकेत असते. स्पर्धा परीक्षेची पुस्तके मुले घरून आणतात, टेबल-खुर्ची आणि शांतता वाचनालयाची. शेजारच्या दालनातील कथा-कादंबऱ्या तशाच उभ्या. या मुलांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलासाठी नोकरी हा जगण्याचा प्रश्न आहे. पण १८३८ मध्ये ज्याच्या आजोबा-पणजोबांना दार बंद होते, तो मुलगा आज दाराच्या आत बसला आहे, ही साधी घटना नव्हे. पावणेदोनशेहून अधिक वर्षांत चुकलेली गाठ पडण्याची ही संधी आहे.

ती साधायची तर वाचनप्रेरणा दिनाचे फलक पुरणार नाहीत. अभ्यासिकेतून ग्रंथदालनात नेणारे दार कोणीतरी उघडावे लागेल; ग्रंथपालाने, आणि त्याहून आधी आपण मराठीच्या शिक्षकांनी. आठवड्यातून एक तास आपण वर्ग सोडून विद्यार्थ्यांसह तिथे जाऊन बसतो का, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःशीच द्यावे.