मुक्कामी गाडीचे भारमान

सार्वजनिक वाहतूक ‘शाश्वत’ आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे? हा प्रश्न हवामानबदलाच्या चर्चेबरोबर जन्मला, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रात मात्र तो एस.टी.च्या हिशेबवहीत सत्तर वर्षांहून अधिक काळ पडून आहे. आजचा धागा त्या हिशेबवहीविषयी.

१ जून १९४८. पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्यापूर्वी खासगी मोटारी नव्हत्या असे नाही. परंतु गाडी भरली की सुटायची, हा त्यांचा रिवाज. माणसे कमी असली तरी ठरल्या वेळी निघणारी गाडी ही ग्रामीण भागाला नवलाईची गोष्ट होती.

१९५० साली मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम आला. त्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम १८ सांगते की महामंडळाने राज्यात कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र वाहतूकसेवा उत्तरोत्तर उभी करावी. कलम २२ सांगते की कारभार व्यवसायाच्या तत्त्वांनी चालवावा. पुरेशी म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. व्यवसाय मात्र रुपयांत मोजता येतो. पुढच्या साऱ्या कहाणीचे मूळ या विषमतेत आहे.

आगाराच्या तक्त्यात मग रकाने ठरत गेले : प्रति किलोमीटर उत्पन्न, प्रति किलोमीटर खर्च, डिझेलमागे मिळालेले किलोमीटर, मार्गातील बिघाड, अपघात, आणि या सर्वांचा राजा म्हणजे भारमान. गाडीने जेवढे आसन-किलोमीटर पुरवले, त्यांतले किती टक्के प्रवाशांनी वापरले, ते भारमान. मोजमाप उत्तम आहे, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. वाहकाच्या वेबिलावरून ते निघते आणि कोणत्या मार्गावर गाड्या वाढवाव्यात हे त्यावरून नेमके कळते.

आता ही मोजपट्टी मुक्कामी गाडीला लावून पाहू. संध्याकाळी तालुक्याहून सुटणारी, शेवटच्या गावी रात्र काढून पहाटे परत निघणारी ती गाडी. समजा आसने ४४, अंतर २० किलोमीटर. सुटताना ४० माणसे बसली आणि वाटेत सारख्या अंतराने उतरत गेली. शेवटच्या थांब्याला गाडी रिकामी. सरासरी प्रवासी २०, भारमान सुमारे ४५ टक्के! तालुक्याच्या स्थानकावर जिला कोणी रिकामी म्हणणार नाही, ती गाडी कागदावर निम्म्याहून अधिक मोकळी धावते. सकाळी हाच हिशेब उलटा. त्यातही प्रवाशांत विद्यार्थी बहुसंख्य. त्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत, आणि ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास मोफत. म्हणजे गाडी भरली तरी वाहकाच्या पिशवीत रोकड थोडीच.

अशा गाड्या तरीही दशकानुदशके चालल्या, कारण मोठ्या शहरांमधल्या मार्गांची मिळकत आडमार्गांची तूट भरून काढत असे. ही व्यवस्था कोठेही ठळक अक्षरांत लिहिलेली नव्हती; टप्पावाहतुकीचा अधिकार एका हाती असण्यातून ती निपजली होती. मग रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सनी लांब पल्ल्याची मलई उचलली. जवळच्या अंतरावर पश्चिम महाराष्ट्रात वडापने आणि मराठवाडा-विदर्भात काळीपिवळीने रोकड देणारा प्रवासी नेला. एस.टी.च्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर होताच. तूट वाढली की कात्री कुठे लागणार, हे भारमानाच्या रकान्याने आधीच सांगून ठेवलेले होते.

१९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानंतर ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर रूढ झाला आणि वाहतुकीला कर्बउत्सर्जनाची मोजपट्टी लागली. आता तरी मुक्कामी गाडीला न्याय मिळेल, असे वाटते ना? हिशेब करून पाहा. एक लिटर डिझेल जळाले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गाडी लिटरमागे साडेचार किलोमीटर जाते असे धरले, तर किलोमीटरमागे सुमारे ६०० ग्रॅम. चाळीस प्रवासी असतील तर माणशी १५ ग्रॅम. आठच असतील तर ७५. लिटरमागे ५० किलोमीटर देणारी मोटारसायकल एकट्या स्वाराला घेऊन साधारण ४६ ग्रॅम सोडते. म्हणजे प्रवासी तेराच्या खाली गेले की या हिशेबाने फटफटी अधिक ‘हरित’!

व्यवसायाची पट्टी आणि पर्यावरणाची पट्टी दोन टोकांच्या वाटतात. पण दोन्ही ‘प्रति किलोमीटर’ मोजू लागल्या की दोघींचे बोट त्याच शेवटच्या गावच्या गाडीकडे जाते. जिच्याकडे मोटारसायकल नाही, ती या गणितात येतच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांनी ‘पोहोच’ मोजायला घेतली, हे महत्त्वाचे पाऊल. शहरांसाठी कसोटी अशी : घरापासून ५०० मीटरच्या आत बसथांबा, किंवा एक किलोमीटरच्या आत रेल्वेसारखी मोठ्या क्षमतेची सेवा. आणि खेड्यांसाठी? दोन किलोमीटरच्या आत बारमाही रस्ता. शहरात वाहन मोजले, खेड्यात डांबर मोजले. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनेही वस्ती रस्त्याला जोडली की काम पूर्ण मानले. त्या रस्त्यावरून दिवसातून किती वेळा गाडी येते, हा निराळा प्रश्न राहिला.

महाराष्ट्रात याला एक लक्षणीय अपवाद घडला, आणि माझ्या मते त्याची चर्चा फार कमी होते. मानव विकास कार्यक्रमांतर्गत १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या गाड्या देण्यात आल्या. पैसा शासनाचा, गाडी चालवणार एस.टी. येथे गाडी सुरू करण्याचे कारणच मुलीचे शिक्षण होते. प्रति किलोमीटर उत्पन्न दुय्यम. कलम १८ मधल्या ‘पुरेशी’ या शब्दाला निदान शाळेच्या वेळेपुरता अर्थ मिळाला. दवाखाना, बाजार, न्यायालयाची तारीख यांना तसा कोणी वाली लाभला नाही.

२०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. गाडी न येण्याची किंमत तेव्हा गावोगावी कळली, पण ती कोणत्या रकान्यात मांडणार? १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी धावली. धूर गेला, वीज कोळशाची असेल तोवर तो औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो, एवढे ध्यानात ठेवावे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले आणि गाड्यांत महिलांची संख्या वाढली. गंमत अशी की या सवलतीने उत्सर्जनाचा माणशी आकडाही खाली येतो, कारण तेवढ्याच डिझेलवर अधिक माणसे जातात. तरी तिची चर्चा झाली ती तिजोरीवरचा भार म्हणून.

वाहकाच्या तिकीट यंत्रात प्रत्येक टप्प्याची नोंद असते. शेवटच्या थांब्यावर पहाटे किती जण चढतात, हे त्या नोंदींतून काढता येते. आपल्या गावी मुक्कामी गाडी असेल, किंवा पूर्वी येत असेल, तर ती कोणत्या वर्षी सुरू झाली, कधी बंद पडली आणि त्यानंतर लोक तालुक्याला कसे जाऊ लागले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली जरूर लिहावे.