ऑब्जेक्ट केव्हा जन्मतो? एका अनिर्णित वादाचा इतिहास

आजच्या धाग्याचा विषय सॉफ्टवेअरचा आहे. गड-किल्ल्यांच्या वाचकांनी बिचकू नये. इथेही प्रश्न इतिहासाचेच आहेत: निर्णय कोणी घेतला, का घेतला आणि चूक झाली तर तिची झळ कोणाला लागते?

नागपूर-हैदराबाद महामार्गावर, वर्धा जिल्ह्यातील वडनेरच्या आसपासचा कोणताही ढाबा डोळ्यांसमोर आणा. रस्सा सकाळीच शिजून तयार असतो. रोटी मात्र गिऱ्हाईक बसल्यावरच तंदूरमध्ये लागते. तिखट संपले असेल तर ते सकाळीच कळते, आणि पोऱ्याला दुकानात पिटाळता येते. कणीक संपली असेल तर ते कळते तेव्हा भुकेला ट्रकचालक ताटावर बसलेला असतो.

संगणकीय प्रणालीत असे शेकडो घटक असतात. त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात आणि ते एकमेकांवर अवलंबून असतात. पूर्वी प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्याला लागणारी साधने स्वतः घडवी किंवा हुडकून आणी. डिपेंडन्सी इंजेक्शनच्या पद्धतीत ती साधने बाहेरून हाती दिली जातात. देणाऱ्या यंत्रणेला कंटेनर म्हणतात. जन्म देण्याचा अधिकार असा एका हाती गेला की पुढचा प्रश्न अटळ होतो: जन्म द्यायचा केव्हा?

नियंत्रणाच्या या उलटापालटीची चर्चा जुनी आहे. राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांच्या १९८८ च्या लेखात ती सापडते. पण तिला जनाधार मिळाला तो जावाच्या जगात, आणि तोही वैतागातून. १९९८ मध्ये आलेल्या एंटरप्राइझ जावाबीन्सचा पसारा इतका अवजड होता की साधे काम करायलाही ढीगभर सोपस्कार करावे लागत.

२००२ मध्ये रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने या पसाऱ्यावर टीका करणारे जाडजूड पुस्तक लिहिले. (आपल्या विद्याशाखेला सुखावणारी बाब म्हणजे या गृहस्थांची पीएचडी संगीतशास्त्रातली आहे.) पुस्तकासोबत सुमारे ३०,००० ओळींचा कोड होता. युर्गन होलर आणि यान कारॉफ यांच्या आग्रहाने त्यातूनच एक मुक्त प्रकल्प उभा राहिला. जुन्या पद्धतीच्या हिवाळ्यानंतरचा वसंत म्हणून त्याचे नाव ठेवले गेले स्प्रिंग. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखाने डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव रूढ केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंगची १.० आवृत्ती आली.

स्प्रिंगने रश्श्याची बाजू घेतली. त्याचा नेहमीच्या वापरातला कंटेनर सुरू होतानाच सर्व सिंगलटन, म्हणजे अख्ख्या प्रणालीत एकच प्रत असणारे ऑब्जेक्ट, घडवून ठेवतो. यामागचा युक्तिवाद स्पष्ट आहे: जोडणीत चूक असेल तर ती आरंभीच उघडी पडावी, काही तासांनी वा दिवसांनी, कोणाचे तरी काम अडल्यावर नव्हे. मोबदल्यात आरंभ संथ होतो, आणि कदाचित कधीच न लागणारे ऑब्जेक्टही स्मृतीत जागा अडवून बसतात.

मार्च २००७ मध्ये गूगलच्या बॉब ली यांचा ज्यूस आला. त्याने दोन्ही डगरींवर पाय ठेवले, आणि माझ्या मते तडजोड म्हणून ती फार समंजस होती. विकासाच्या टप्प्यात सिंगलटन गरज पडेल तेव्हा घडतात, कारण प्रोग्रामरला दिवसातून पन्नासदा प्रणाली सुरू करावी लागते. प्रत्यक्ष वापराचा टप्पा निवडला की तेच सिंगलटन आरंभीच घडतात. ऑब्जेक्ट तोच, वाट पाहणारा माणूस कोण, यावर त्याची जन्मवेळ ठरते.

यानंतर घडले ते मला या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. २००९ मध्ये ली आणि जॉन्सन हे प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि त्यांनी जावासाठी सामाईक प्रमाणक सिद्ध केले. सिंगलटन एकदाच घडवावा, यावर एकमत झाले. केव्हा घडवावा, याचे बंधन मात्र त्यात घातलेले नाही. आपल्याकडच्या तहनाम्यांतही वादग्रस्त गावाचे कलम असेच मोघम सोडलेले आढळते!

वेळेइतकाच आयुर्मर्यादेचाही घोळ असतो. काही ऑब्जेक्ट एका विनंतीपुरते जगतात, ढाब्यावरच्या एका गिऱ्हाइकाच्या बिलासारखे. दिवसभर बसणाऱ्या गल्लेवाल्याने पहिलेच बिल मुठीत धरून ठेवले आणि प्रत्येकाकडून त्याच आकड्याने पैसे घेतले, तर? दीर्घायुषी ऑब्जेक्टने अल्पायुषी ऑब्जेक्ट असा अडकवून ठेवला की एका वापरकर्त्याची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर दिसू शकते. मार्क सीमन यांनी २०१४ मध्ये या दोषाला बंदिवान अवलंबन अशा अर्थाचे नाव दिले. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट कोअरमध्ये सिंगलटन सहसा पहिल्या मागणीलाच घडतो. तिथे विकासकाळात हा दोष पकडणारी तपासणी पुढे आली.

दरम्यान तिसरा पंथ निघाला. २०१२ मध्ये स्क्वेअर कंपनीने डॅगर आणला आणि पुढे गूगलने त्याची दुसरी आवृत्ती घडवली. तिच्यात जोडणीची तपासणी प्रोग्राम चालण्याआधी, कंपाइल होतानाच होते. तिखट आहे की नाही हे ढाबा उघडण्यापूर्वीच यादीवरून ताडून घेतल्यासारखे. मग ऑब्जेक्ट उशिरा घडवण्यातला धोका बराच ओसरतो. अँड्रॉइडच्या फोनवर, जिथे ॲप उघडायला लागणारा क्षणही मोजला जातो, ही पद्धत रुजली यात नवल नाही.

स्प्रिंगच्या गोटातही हालचाल झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्प्रिंग बूट २.२ ने एका ओळीच्या सूचनेवर सर्व ऑब्जेक्ट मागणीनुसार घडवण्याची सोय दिली. मूळ वर्तन मात्र बदलले नाही. नोव्हेंबर २०२१ मधील २.६ आवृत्तीने तर उलट दिशेने कडक पाऊल टाकले. दोन ऑब्जेक्ट परस्परांवर अवलंबून असतील तर आधी कंटेनर एकाला अर्धवट घडलेल्या अवस्थेतच दुसऱ्याच्या हाती देऊन वेळ निभावून नेई. आता असे चक्र आढळले की प्रणाली सुरूच होत नाही. जुनी सवलत हवी असणाऱ्याला ती स्वतः लेखी मागावी लागते.