‘डिटॉक्स’ने शरीर खरंच साफ होतं का?

ईदचे चार दिवस संपले की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. बिर्याणी, कबाब, शीरखुर्मा खाऊन पोटात ‘जहर’ साठलंय, सात दिवस फक्त ज्यूस प्या, लिव्हर धुऊन निघेल. खाली चहाच्या पाकिटाची जाहिरात आणि सवलतीची किंमत. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांनी असाच कोर्स सुरू केला. जेवण बंद, पण शुगरची गोळी चालूच. तिसऱ्या दिवशी अंगाला घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. साखर खाली आली होती. मुलीने लगेच साखरपाणी पाजलं, दवाखान्यात नेलं, म्हणून निभावलं. म्हणून हा विषय एकदा नीट मांडावा असं आम्हाला वाटलं.

कोणतं जहर?

जाहिरातीत ‘टॉक्सिन’ हा शब्द दहा वेळा येतो, पण नाव एकाचंही नसतं. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ‘सेन्स अबाउट सायन्स’ या संस्थेशी जोडलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी १५ डिटॉक्स वस्तूंच्या कंपन्यांना साधा प्रश्न विचारला: तुमची वस्तू शरीरातून नेमकं काय बाहेर काढते? पटेल असा पुरावा कुणालाच देता आला नाही. ‘डिटॉक्स’ म्हणजे काय, याचा अर्थही प्रत्येकाचा वेगळा निघाला.

वैद्यकशास्त्रात विष उतरवण्याचे उपचार आहेत, यात शंका नाही. शिसं अंगात भिनलं तर त्यावर औषध आहे, किडनी निकामी झाली तर डायलिसिस आहे. पण ते तपासणी करून, हॉस्पिटलमध्ये होतं. पाकिटातल्या चहाने नाही.

शरीराची स्वतःची सफाई

आपलं लिव्हर सुमारे दीड किलोचं असतं. प्रथिनं पचताना तयार होणारा अमोनिया ते युरियात बदलतं. औषधं आणि इतर रसायनं बाहेर टाकता येतील अशा रूपात आणतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक परत रक्तात जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बनते. हे काम रोज, झोपेतही चालू असतं. लिव्हर म्हणजे काही जाळी तुंबलेला फिल्टर नव्हे, की वर्षातून एकदा धुवायला काढावा.

मग वजन कमी कसं होतं?

काटा खाली येतो, हे खरं. पण पहिल्या काही दिवसांत जातं ते बहुतेक पाणी आणि शरीरातला साखरेचा साठा. नेहमीचं जेवण सुरू झालं की तेही परत येतं.

बऱ्याच ‘स्लिमिंग’ चहांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला चाळवते आणि जुलाब होतात. पण अन्नातल्या कॅलरीज त्याआधीच लहान आतड्यात शोषलेल्या असतात. म्हणजे बाहेर पडतं ते पाणी आणि क्षार. बद्धकोष्ठावर सोनामुखी चार दिवस घेणं वेगळं. महिनोन्‌महिने घेतली तर पोटॅशियम घटतं, अशक्तपणा येतो.

पायाला लावायच्या पट्ट्या सकाळी काळ्या दिसतात, कारण त्यातली पूड ओलाव्याने काळी पडते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये ‘किनोकी’ पट्ट्यांच्या विक्रेत्यांना कोर्टात खेचलं होतं. मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचं मशीनही तसंच. तपकिरी रंग हा लोखंडी पट्टीचा गंज. पाय न घालता चालवा, पाणी तरी तपकिरीच होईल.

दुधीचा रस: जिवावरचा धोका

हे वाचून एखाद्याने जरी काळजी घेतली तरी लेख सार्थकी लागला. दुधीत कधी कधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष तयार होतं. असा रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. २०१८ मध्ये पुण्यात एका महिलेचा यातून मृत्यू झाला. त्याआधी अशाच घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने सल्ला दिला होता: कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नये. यावर उतारा नाही, फक्त वेळेवर उपचार आहेत.

म्हणून आधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. जरा जरी कडू लागला तर थुंका आणि दुधी फेकून द्या. दुसरे रस मिसळून कडूपणा लपवू नका. त्रास झालाच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद आपल्या जागी, पण रोज काढा पीत असाल तर डॉक्टरांना सांगा. कच्च्या पालकाचे रस रोज भरपूर प्यायल्याने ऑक्झलेट साचून किडनी बिघडल्याची उदाहरणंही आहेत. किडनीच्या रुग्णाला नारळपाणी, फळांचे रस यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. चारकोलच्या गोळ्या तर घेतलेलं औषधच शोषून घेतात.

आणि पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आहे म्हणून वस्तू गुणकारी ठरत नाही. तो उत्पादकाचा परवाना आहे, दाव्याची हमी नाही.

मग करायचं काय?

* सणात जास्त खाल्लं गेलं तर पुढचे दिवस डाळ, भाजी, भाकरी, थोडं कमी तेल. उपाशी राहायची गरज नाही.
* तंबाखू, गुटखा, मिसरी सोडा. रोज आपल्या हाताने आत जाणारं खरं विष हेच.
* लिव्हरवर चरबी असेल तर हळूहळू वजन उतरवा. ७ ते १० टक्के घटलं, म्हणजे ८० किलोच्या माणसाचं साडेपाच ते आठ किलो, तर लिव्हरला खरा फायदा होतो.
* हेपॅटायटिस बीची लस घ्या, मुलांनाही द्या.
* शुगर, बीपी, किडनीचा आजार, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्यूसचा कोर्स करू नका. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.
* डोळे पिवळे, लघवी गडद, पायावर सूज दिसली तर तपासणी करून घ्या.

आमच्या खाला आता बऱ्या आहेत. कोर्सचे पैसे गेले ते गेलेच. पण ग्रुपवर तसा मेसेज आला की सगळ्यात आधी त्याच लिहितात, “आधी डॉक्टरला विचारा.”